मेसोपोटेमिया मोहिमेतील सैनिकजीवन (१९१४–१८)

पहिल्या महायुद्धात आजच्या इराकच्या भूमीवर ब्रिटिश साम्राज्याने ऑटोमन तुर्कांविरुद्ध लढलेल्या मोहिमेतील शिपाई व बिगरलढाऊ नोकर यांचे अनुभव. मोहीम नावाने ब्रिटिश, मनुष्यबळाने मुख्यतः हिंदी. युद्ध संपेपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे ५ लाख ८८ हजार माणसे तिकडे गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी खेचरवाले, भिश्ती, डोलीवाले, हमाल, स्वयंपाकी अशी होती. लढाऊ शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. मुंबई हे या फौजेचे प्रमुख बंदर. नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिली तुकडी फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आले. १०३, ११० व ११७ या तिन्ही मराठा पलटणी पहिल्या टप्प्यापासून आघाडीवर होत्या.

वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. दक्षिण मेसोपोटेमिया तसा नाही. तो नदीने आणलेल्या गाळाचा सपाट मुलूख आहे. मैलोगणती ना झाड, ना दगड. उन्हाळ्यात या मातीचा फुफाटा उडे, हिवाळी पावसात तिचाच चिकट चिखल होऊन तोफांची चाके रुतत. वसंतात नद्यांना पूर आला की तेच मैदान पाण्याखाली जाई. एप्रिल १९१५ मध्ये शुऐबाच्या छावणीला बसऱ्याहून मदत पोहोचवायची तर मधला पूरग्रस्त पट्टा ‘बेलम’ नावाच्या स्थानिक होड्यांतून आणि चिखलपाण्यातून पायी ओलांडावा लागे. पलीकडच्या कोरड्या मैदानात मृगजळाने माणसाचे डोळे फसत. मेंढरांचा कळप घोडदळासारखा दिसे, अंतराचा अदमास चुके, तोफखान्याला नेम धरता येत नसे. शुऐबाच्या लढाईत दळणवळणाच्या खेचरगाड्यांची धूळ मृगजळातून पाहून तुर्कांना ताजी कुमक आल्याचा भास झाला व ते मागे हटले, अशी कथा सैन्यात पुढे रूढ झाली. मराठा पलटणी या लढाईत होत्या.

उन्हाळ्यात पारा ५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाई. जुलै १९१७ मध्ये रमादीवर केलेला हल्ला अर्ध्यावर सोडावा लागला, कारण त्या चढाईत निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे गोळीने नव्हे, उष्माघाताने पडली होती. तरीही सगळा दोष हवेला देणे ही सरकारी सोय होती. उन्हाळा कडक असणार हे हिंदुस्थान सरकारला ठाऊक होते. छत्र्या, बर्फ, नळ, डॉक्टर आणि मुख्यतः होड्या कमी पडल्या त्या काटकसरीमुळे. रस्ता नाही, लोहमार्ग नाही. तैग्रिस नदी हाच एक मार्ग. बसऱ्याला धड धक्काही नव्हता, त्यामुळे मालाची जहाजे आठवडेच्या आठवडे माल उतरण्याची वाट पाहत उभी राहत. फौज मात्र जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या दिशेने पुढे पुढे ढकलली गेली.

त्याची किंमत नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला चुकवावी लागली. या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसे कामी आली वा जखमी झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून मैलोगणती नदीपर्यंत नेले. मोडलेली हाडे गाडीच्या प्रत्येक हिसक्याला एकमेकांवर घासत. नदीवर त्यांना आगबोटींत आणि बाजूला बांधलेल्या तराफ्यांत दाटीवाटीने भरले. छप्पर नाही, अंथरूण नाही, पुरेसे पाणी नाही. बसऱ्याला पोहोचायला सुमारे दोन आठवडे लागले. हिंदी वैद्यकीय सेवेतील मेजर कार्टर यांनी ‘मेजिदिये’ ही बोट धक्क्याकडे येताना पाहिली. तिच्या कडांवरून दोरखंड लोंबत असावेत असे त्यांना दुरून वाटले. बोट जवळ आल्यावर कळले, ती माणसांची विष्ठा होती. कठड्यापलीकडे जाण्याची सोय नसलेल्या जखमींनी जागच्या जागी विधी उरकले होते आणि ते बाहेरून ओघळून वाळले होते. जखमांत अळ्या पडल्या होत्या. कार्टर यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दटावले. मात्र पुढे नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगासमोर त्यांची साक्ष झाली. १९१७ मध्ये आयोगाचा अहवाल प्रसिद्ध होताच भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.

टेसिफॉनहून माघार घेताना टाउनशेंडची फौज तैग्रिसकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. या काळात दारूगोळ्याइतकाच निर्णायक ठरला तो शिधा. गोऱ्या सैनिकांना मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस मिळे, हिंदी शिपायांना जवाचे जाडेभरडे पीठ. मैदा खाणाऱ्यांना बेरीबेरी झाली. ताज्या मांसभाजीविना राहिलेल्या हिंदी शिपायांना स्कर्व्ही. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, साध्या जखमा भरत नसत. गोऱ्यांच्या ताटात जवाचे पीठ आले तशी बेरीबेरी ओसरली, हे वेढ्यातील वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांनी नोंदवून ठेवले आहे. एकाच तटाआड राहणाऱ्यांचे आजारसुद्धा रंगभेदाने वाटले गेले होते.

घोड्याच्या मांसावरून झालेला पेच ब्रिटिश लेखकांनी बहुधा हिंदी हट्ट म्हणून रंगवला. शिपायाच्या जागी उभे राहून पाहिले तर तो हिशेब अगदी व्यवहारी होता. एरवी बोकड खाणाऱ्यालाही घोडा वर्ज्य, आणि गावी परतल्यावर भावकीने वाळीत टाकले, सोयरीक जुळेना, तर ११ रुपयांच्या नोकरीने काय भरून निघणार? हिंदुस्थानातील धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवण्यात आली, तरी बहुतेक जण कित्येक आठवडे बधले नाहीत. रानातला हिरवा पाला उकडून भाजी म्हणून खाल्ला जाई. त्यात विषारीही असे. शेवटी पिठाचा शिधा दिवसाला मूठभरावर आला, तेव्हा बहुतेकांनी मांस पत्करले. एप्रिलमध्ये विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. वेढा फोडण्याच्या प्रयत्नांत बाहेरची मदतफौज जवळजवळ २३ हजार माणसे गमावून बसली.

शरणागतीनंतर सुमारे १३ हजार जण कैदेत गेले. तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. उपाशी माणसांना सामर्रा, मोसुलमार्गे रास-अल-ऐनकडे पायी हाकण्यात आले. तिथे बगदाद लोहमार्गाच्या कामावर हिंदी कैदी खपले. गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून अधिक कैदेत मेले, हिंदी मृतांचा आकडा तीन हजारांच्या घरात जातो. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले; त्यांचा कुत्रा स्पॉट तर तुर्कांनी बसऱ्याला सुखरूप पोहोचवला.

१९१६ मध्ये लंडनच्या युद्धखात्याने सूत्रे हाती घेतल्यावर धक्के, लोहमार्ग, नव्या बोटी, इस्पितळे उभी राहिली. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोहिमेचे सेनापती मॉड पटकीने वारले, म्हणजे रोगराईने हुद्दा पाहिला नाही. मुंबईतही या युद्धाची सावली पडली होती: प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाची नवी इमारत लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. युद्धानंतर, १९२१ मध्ये, ११७व्या मराठा पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला.

अनुभवकथन म्हणावे असे साहित्य प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांचे आहे. हिंदी बाजूने महत्त्वाचे ठरते ते बंगाल रुग्णवाहिका पथकातील शिशिर सर्बाधिकारी यांचे ‘अभि ले बगदाद’. कूतला कैद झालेल्या या तरुणाने रोजनिशीच्या आधारे बंगालीत ते लिहिले. सातारा-रत्नागिरीकडच्या शिपायाचा अनुभव वाचण्यासाठी मात्र आपल्याला इतरांच्या कागदांत त्याचा उल्लेख शोधावा लागतो. १९२९ मध्ये उघडलेल्या बसरा स्मारकावरही ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. १९९७ मध्ये हे स्मारक सद्दाम हुसेन यांच्या हुकुमाने मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर पुन्हा उभारण्यात आले.