भाषण, दंगा आणि कायदा

पुण्याहून नगरास जाणारा रस्ता भीमा ओलांडून शिक्रापुरास पोंचतो व तेथून एक फांटा तळेगांव ढमढेऱ्याकडे वळतो. या रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, नगर येथें, ३१ मे व १ जून १९१६ रोजीं लोकमान्य टिळकांचीं स्वराज्यावर व्याख्यानें झालीं. त्यापूर्वीं १ मे रोजीं ते बेळगांवीं बोलले होते. पुढारी व्यासपीठावरून जें बोलतो, तें गुन्हा केव्हां ठरतें, हा प्रश्न या तीन भाषणांनीं न्यायासनापुढें आणला.

त्याचें एक कठोर उत्तर १८९७ सालींच मिळालें होतें. ‘केसरी’तील मजकुरावरून झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस सांगितलें कीं, सरकाराविषयीं प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीति, लेखामुळें दंगा झाला कीं नाहीं, हें पाहण्याचें कारण नाहीं. सहा विरुद्ध तीन मतांनीं टिळक दोषी ठरले व त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

१९१६ सालीं सरकारनें निराळा मार्ग धरला. चांगल्या वर्तणुकीसाठीं टिळकांनीं वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत, असा हुकूम पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनें केला. मुंबई हायकोर्टांत टिळकांची बाजू बॅरिस्टर जिना यांनीं मांडली. ९ नोव्हेंबर रोजीं न्यायमूर्ति बॅचेलर व शहा यांनीं तो हुकूम रद्द केला. एखादें तिखट वाक्य सुटें काढून चालणार नाहीं, सबंध भाषणाचा एकंदर परिणाम पाहिला पाहिजे, हें त्या निकालाचें सार.

पुढें १९४२ सालीं बंगाल विधिमंडळाचे सभासद नीहारेंदु दत्त मजुमदार यांच्या भाषणाचा खटला फेडरल कोर्टापुढें आला. अशांतता, किंवा तिचा वाजवी संभव, हेंच या गुन्ह्याचें मर्म, असें सर मॉरिस ग्वायर यांनीं ठरविलें. प्रिव्ही कौन्सिलनें १९४७ सालीं हें मत नाकारून स्ट्रॅचींचा अर्थ पुनः उभा केला. परंतु १९६२ सालीं केदारनाथ सिंग यांच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें फेडरल कोर्टाचाच मार्ग पत्करला.

दंग्याच्या चिथावणीचें कलम मात्र स्वतंत्र आहे. पीनल कोडाचें १५३ वें कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत १९२ वें झालें. त्यांत केवळ प्रक्षोभ पुरेसा नाहीं. कृत्य बेकायदा हवें आणि दंगा व्हावा हा हेतु, किंवा तो होण्याचा संभव आहे ही जाणीव, सिद्ध व्हावी लागते. दंगा झाल्यास एक वर्षापर्यंत, न झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते.

हा भेद सूक्ष्म वाटला तरी निरर्थक नाहीं. दंगा झाला एवढ्यावरूनच वक्ता दोषी ठरूं लागला, तर चार दगड मारून कोणाचेंही तोंड बंद करतां येईल. उलट, हात स्वच्छ आहेत एवढ्यावरून तो सुटूं लागला, तर आग लावणारा घरीं जाऊन निजेल आणि तुरुंगांत जाईल तो केवळ त्याचा श्रोता.

१ जानेवारी २०१८ रोजीं याच रस्त्यावर, कोरेगांव भीमा परिसरांत, दंगल होऊन एका तरुणाचा जीव गेला. चिथावणी कोणाची, यावर परस्परविरोधी फिर्यादी झाल्या, न्यायमूर्ति जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोगही नेमला गेला. शंभर वर्षांपूर्वींचा प्रश्न त्याच वाटेवर पुनः उभा राहिला: सबंध भाषण काय होतें, हेतु कोणता होता, आणि शब्द व दगड यांना जोडणारा पुरावा कोठें आहे?