तीन बहिणी आणि एक वारसा

मध्ययुगीन इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजे आणि लढाया येतात. मला मात्र त्या काळातील सरदार घराण्यांच्या जमिनींचा इतिहास अधिक बोलका वाटतो. कायदा काय म्हणतो आणि प्रत्यक्ष ताबा कुणाचा असतो, यातले अंतर तिथे स्पष्ट दिसते. क्लेअर घराण्याचेच पाहा.

1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि आपल्या साथीदारांना जमिनी वाटल्या. त्यांपैकी रिचर्ड फिट्झ गिल्बर्ट याला सफोकमधील क्लेअर आणि केंटमधील टनब्रिज मिळाले. क्लेअर गावावरून घराण्याला नाव पडले. पुढे हे घराणे ग्लॉस्टर आणि हर्टफर्डचे अर्ल झाले, वेल्समधील ग्लॅमॉर्गनही त्यांच्याकडे आले.

तेथील कायद्याने थोरल्या मुलाला सगळी जमीन मिळे. इस्लामी वारसा कायद्यात मुलगा असला तरी मुलीला हिस्सा असतो, तसे तिथे नव्हते. पुरुष वारस उरलाच नाही, तर मात्र बहिणींमध्ये समान वाटणी होई. 24 जून 1314 रोजी बॅनकबर्नच्या लढाईत तरुण अर्ल गिल्बर्ट मारला गेला. त्याला मूल नव्हते. 1317 मध्ये जमिनीचे तीन वाटे झाले आणि ते एलिनॉर, मार्गारेट व एलिझाबेथ या बहिणींकडे, म्हणजे व्यवहारात त्यांच्या नवऱ्यांकडे गेले.

एलिनॉरचा नवरा ह्यू डिस्पेन्सर राजा दुसरा एडवर्ड याचा लाडका. ग्लॅमॉर्गन मिळूनही त्याचे समाधान झाले नाही. मार्गारेटच्या नवऱ्याकडून त्याने न्यूपोर्ट घेतले. 1322 मध्ये एलिझाबेथचा नवरा बंडखोरांच्या बाजूने लढला आणि त्यातच जखमी होऊन मेला. तिला नजरकैदेत ठेवून, धाक दाखवून, अस्क हा तिचा मौल्यवान प्रदेश डिस्पेन्सरने लिहून घेतला. बदल्यात कमी उत्पन्नाचे गॉवर दिले, आणि पुढे तेही तिच्या हातून गेले. राजा तिचा सख्खा मामा होता, तरी भाचीची दाद लागली नाही.

1326 मध्ये एलिझाबेथने गुपचूप एक निवेदन लिहून ठेवले: ही हक्कसोड माझ्या मर्जीने झालेली नाही, ती जबरदस्तीने घेतली आहे. हे बाहेर फुटले असते तर तिची धडगत नव्हती. त्याच वर्षी राजाची सत्ता कोसळली आणि नोव्हेंबरमध्ये डिस्पेन्सरला फाशी झाली. एलिझाबेथला अस्क परत मिळाले.

तीनदा विधवा झालेल्या या बाईने पुन्हा लग्न केले नाही. 1360 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिने आपल्या जमिनींचा कारभार स्वतः पाहिला. केंब्रिजमधील एका डबघाईला आलेल्या विद्यालयाला तिने आधार दिला. ते आज क्लेअर कॉलेज म्हणून ओळखले जाते. वारसाहक्कातले घराण्याचे नाव असे विद्येच्या कामी आले.

राजदरबार बदलला म्हणून तिची जमीन परत आली, हे खरे. पण तो बदलेल याची खात्री नसतानाही तिने आपला नकार कागदावर नोंदवला होता. सही घेतली म्हणजे संमती मिळाली असे होत नाही, हे त्या कागदाने सातशे वर्षांपूर्वी सांगितले. मला या घराण्याच्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा तो कागद मोलाचा वाटतो.