पूररेषेच्या आतली जमीन : प्रस्तावना

पूर आणि कायदा म्हटलं की पंचनामे आणि सानुग्रह अनुदान आठवतं. या पुस्तकाचा विषय त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, नदीकाठच्या शेताचा ले-आउट मंजूर होतो तिथे.

नव्या अभ्यासकाची पहिली अडचण अशी, की वाचायला एक कायदा नाही. केंद्रीय जल आयोगाने 1975 साली पूरमैदानांसाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठवलं. मणिपूरने 1978 मध्ये कायदा केला, बहुतेक राज्यं गप्प राहिली. महाराष्ट्रात भिस्त आहे ती पाटबंधारे खात्याच्या 1989 च्या परिपत्रकावर, 1966 च्या नगररचना अधिनियमावर आणि 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीवर. रेषा जलसंपदा खातं आखतं, परवानगी पालिका देते. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीपर्यंत, निषिद्ध क्षेत्र. तिथून शंभर वर्षांच्या लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र.

ही वर्षं फसवी आहेत. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता; तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती सुमारे 26 टक्क्यांवर जाते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांपुढे गेलं आणि 2021 मध्ये पुन्हा गेलं.

माझ्या मते या विषयाचं मर्म जोत्याच्या नियमात आहे. नियंत्रित क्षेत्रात लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधकाम करता येतं. इमारतीपुरता नियम चोख आहे. पण ती उंची भराव टाकून गाठली, तर पुराचं पाणी पसरायची तेवढी जागा कमी होते आणि ते शेजारच्या जुन्या, बुटक्या घरात शिरतं. अशी शंभर घरं नियमाला धरून उभी राहिली, तरी परवानगी देणाऱ्या टेबलावर प्रत्येक वेळी फाइल एकाच प्लॉटची असते. नियम मोडल्यामुळे होणारं नुकसान आपण मोजतो. नियम पाळून होणारं कोण मोजणार?

दुसरी गाठ गुंठेवारीची, म्हणजे मंजूर ले-आउट नसताना गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या जमिनीची. सांगलीतल्या शामरावनगरसारख्या सखल भागात गरजूंनी परवडणारी जमीन घेतली, घरं बांधली. नियमितीकरणाचा 2001 चा कायदा मागाहून आला. त्यांना नुसतं अतिक्रमणवाले ठरवणारं लेखन मला उथळ वाटतं.

शेतकऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड. निळ्या रेषेने त्याची जमीन संपादित होत नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो, फक्त तिचा भाव पडतो. शहराच्या सुरक्षिततेसाठी त्याने ती मोकळी ठेवायची, तर मोबदला कोणी द्यायचा? आरक्षण आणि निर्बंध यांतला फरक मांडणारं प्रकरण म्हणूनच सर्वांत लांबलं आहे. कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. नकाशांची प्रकरणं त्यानंतर सोपी जातील.