सागपतंग
सागाच्या कोवळ्या पानांवर उपजीविका करणारा एक लहान पतंग. खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणाच्या हायब्लिइडी कुलात त्याचा समावेश होतो. शास्त्रीय नाव हायब्लिया प्यूरा. डच अभ्यासक पीटर क्रामर यांनी १७७७ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले.

पंखविस्तार ३ ते ४ सेंमी. असतो. पुढील पंख करडे-तपकिरी असून त्यांखाली झाकले जाणारे मागील पंख काळसर व त्यांवर नारिंगी-पिवळे ठसे असतात. पावसाच्या आरंभी सागास पालवी फुटताच मादी पानांवर सुटी अंडी घालते. त्यांची संख्या सु. ५०० असते. अळी पानाची कड कापून दुमडते व त्या आडोशाला राहून पान खाते. मुख्य शिरा तेवढ्या उरतात. पूर्ण वाढ झाल्यावर ती रेशमी धाग्याने खाली उतरते व पालापाचोळ्यात कोशावस्थेत जाते. एक पिढी सु. तीन आठवड्यांत पुरी होते.

उल्हास खोऱ्यातील अंबरनाथ-बदलापूरलगतच्या डोंगरांवर सागाची पानझडी राने आहेत. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (१०६०) याच परिसरात आहे. १८५६ मध्ये लोहमार्ग बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेला. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कारखाने व वसाहती वाढल्या आणि रान डोंगरउतारांकडे सरकत गेले.

पर्णहीन झालेला साग सहसा मरत नाही. त्यास पुन्हा पालवी फुटते, परंतु लाकडाची वाढ घटते. केरळातील निलांबूर येथील लागवडीत ही घट सु. ४४ टक्के आढळली. कोन्नी येथे १९६५ मध्ये विमानातून कीटकनाशक फवारले गेले. डेहराडूनचे वनकीटकतज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनी मात्र त्यापूर्वीच मिश्र झाडोरा राखून परजीवी कीटकांस आश्रय देण्यावर भर दिला होता. पुढे केरळ वन संशोधन संस्थेने या अळीस मारणाऱ्या विषाणूचा उपयोग विकसित केला.

उल्हासनगरसह या पट्ट्यास पाणी पुरविणाऱ्या बारवी धरणाचे पाणलोट क्षेत्र अशाच वनप्रदेशात असल्याने येथे विषारी फवारणी धोक्याची ठरेल. साळुंकी, कावळे इ. पक्षी या अळ्या खातात. मुंबई-ठाणे परिसरातील तिवरांवरही हा पतंग वाढतो. तेथे अळ्यांच्या विष्ठेतून पोषकद्रव्ये चिखलात मिसळतात व तिवरांस नवी पाने येतात.