‘जाऊ मी सिनेमात?’

नववीत मराठीच्या बाईंनी ‘मी कोण होणार?’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. आपल्या तुकडीत तो किती जणांना आठवत असेल कोण जाणे. मला आठवतो, कारण मी ‘सिनेमाच्या गोष्टी लिहिणार’ असं लिहिलं होतं आणि बाईंनी माझाच निबंध वर्गात वाचून दाखवला. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘काय व, सिनेमात जाऊ राहिली का?’ सगळा वर्ग हसला, मीही हसले. पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि आता वीस वर्षांहून जास्त काळ लिहिते आहे ते संगणकाला कळेल असं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मात्र तो मागच्या बाकावरचा प्रश्नच आठवला. नेमक्या त्याच प्रश्नाचं एक पुस्तक १९४० साली मराठीत निघालं होतं. त्याचं नाव ‘जाऊ मी सिनेमात?’ आणि लेखिका शान्ता आपटे.

त्या निबंधाच्या मागेही शान्ताबाईच होत्या. पिंप्राळ्यात शेजारच्या काकूंकडे दूरदर्शनवर ‘कुंकू’ पाहिला होता. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. रडत कोपऱ्यात बसत नाही, समोरच्याला जाब विचारते. खोलीभर बसलेल्या बायका एरवी सिनेमा चालू असताना शेंगा सोलायच्या. त्या दिवशी कुणाचे हात हलत नव्हते. दहावीनंतर आपल्या वर्गातल्या दोघी-तिघींची लग्नं झाली तेव्हा मला ती खोली आठवली होती.

‘कुंकू’ १९३७ चा. ‘प्रभात’ने तो हिंदीतही ‘दुनिया न माने’ या नावाने काढला. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरची, दिग्दर्शक व्ही. शांताराम. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जे आवाज ऐकू येतात ते त्या घरातले, रस्त्यावरचे. नीरा एका प्रसंगात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, आणि ती शान्ताबाईंनी स्वतःच्या आवाजात गायली आहे. पार्श्वगायन रुळण्याआधीचा तो काळ. नटी म्हणजे चेहरा, गळा आणि मेहनत एकाच माणसाची.

ही मेहनत पगारी होती. ‘प्रभात’ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तेव्हाचा स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच. सुतार, रंगारी, छायालेखक, नट, सगळे कंपनीच्या नोकरीत. आजच्यासारखं एका चित्रपटापुरतं मानधन घेऊन मोकळं होणं नव्हतं. कराराच्या मुदतीत कुठे काम करायचं, कुठे नाही, हे मालक ठरवत.

त्याच काळात अमेरिकेत फ्रान्सिस मॅरियन ही बाई पटकथा लिहीत होती. ‘द बिग हाउस’ आणि ‘द चॅम्प’ या दोन चित्रपटांच्या लेखनासाठी तिला ऑस्कर मिळालं. लेखनासाठी ऑस्कर मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्याकडे मुंबईत फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये स्वतःची कंपनी काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. एकीच्या हातात लेखणी होती, दुसरीच्या हातात कंपनी. शान्ताबाईंच्या हातात फक्त करार होता.

‘श्यामसुंदर’ (१९३२), ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) एवढं नाव झाल्यावरही करारावरून वाद पेटला, तेव्हा १९३९ मध्ये त्या ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पडद्यावर दाद मागणारी नीरा आता ती साकारण्याचा पगार देणाऱ्या कंपनीच्याच दारात बसली होती. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, लोकांना चर्चेला विषय मिळाला. शान्ताबाईंनी ‘प्रभात’ सोडलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं. आत्मचरित्र लिहून आपलं दुःख सांगता आलं असतं. त्यांनी सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलं. या धंद्यात पैसा कोण घालतो, कोण राबतो, थकतं कोण आणि कमावतं कोण, याचा आतून केलेला पंचनामाच तो. योगायोग असा की फ्रान्सिस मॅरियनचंही पुस्तक १९३७ सालचं, चित्रपटकथा कशी लिहावी आणि कशी विकावी यावर. तिने वाचकाला कथा विकायला शिकवलं. शान्ताबाई त्याच्या आधीचं विचारतात: स्वतःला किती विकायचं?

आपल्या पिंप्राळ्याच्या रथाला गर्दी मूर्तीचं दर्शन घेते. चाकाखाली मोगरी टाकून रथाला दिशा देणारे मात्र क्वचितच कुणाला दिसतात. शान्ताबाई खुद्द मूर्तीच्या जागी होत्या, हजारो डोळे त्यांच्यावर होते. त्यांनी लिहिलं ते चाकाच्या बाजूने, म्हणून मला त्या पुस्तकाचं मोल जास्त वाटतं.

मला हे उशिरा कळलं. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा मी दोन वर्षांच्या बाँडवर न वाचता सही केली होती. मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या कपाटात गेली. वर्षभराने दुसरी चांगली संधी आली तेव्हा ती परत मागायला गेले, तर समोर माझीच सही ठेवण्यात आली. घरी बाबांना सांगायची लाज वाटली. इंजिनिअर मुलीला चार पानं वाचता आली नाहीत! त्या दिवसांत रोज लॉ कॉलेज रस्त्याने जायचे. तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, ती ‘प्रभात’च्याच जागेवर. याच फाटकाशी एक बाई करारासाठी उपाशी बसली होती हे ठाऊक असतं, तर निदान सही करण्याआधी दोन प्रश्न विचारले असते.

शान्ताबाई थांबल्या नाहीत. तमिळ शिकून ‘सावित्री’ (१९४१) केला. त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या भूमिकेत होत्या. लाहोरला जाऊन ‘जमींदार’ (१९४२) केला. १९६४ मध्ये त्या गेल्या. गाणी राहिली, ‘कुंकू’ राहिला, पुस्तकाची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

आता आपल्या मुली पुण्या-मुंबईला, बंगळूरला निघाल्या आहेत. ‘जाऊ का?’ असं त्या विचारतात तेव्हा आपण हो किंवा नाही म्हणतो. यापुढे मी ‘जा, पण कागद आधी वाच’ असं सांगणार आहे.

आणि मागच्या बाकावरच्या मित्रा, तू संमेलनाला येणार आहेस हे कळलंय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की सिनेमात नाही गेले रे. पण सिनेमातल्या एका बाईबद्दल लिहिलं. बाईंनी हाही निबंध वाचून दाखवला तर चालेल.