पुण्याच्या ७.१०च्या बातम्या, हुफूफमध्ये ४.४०ला



इंटरनेटवरून रेडिओ ऐकणं आता इतकं सवयीचं झालंय की त्यात इतिहास लिहिण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण आधीची वाट बघितली तर गंमत कळते. सुरुवातीला मराठी रेडिओ देशाबाहेर गेला नाही, उलट परदेशातून घरी आला. बीबीसीने मार्च १९४२मध्ये लंडनहून मराठी प्रक्षेपण सुरू केलं आणि ते १९५८पर्यंत चाललं. कोल्हापूरकडच्या वेणू चितळे युद्धकाळात तिथे काम करत होत्या, तेही ईस्टर्न सर्व्हिसमध्ये, जॉर्ज ऑरवेल यांच्याबरोबर. त्याच काळात सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून बोलत होता, आणि त्याच्या भाषांमध्ये मराठीही होती. म्हणजे दोन्ही बाजूंना मराठी कान हवे होते!

युद्ध संपल्यावर हवं होतं ते मनोरंजन. १९५२मध्ये माहितीमंत्री बाळकृष्ण केसकर (मराठीच!) यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं आणि घरोघरचे काटे रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि तिथून शॉर्टवेव्हवर तो आवाज परत मुंबईत येई. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर परदेशात, मजकूर देशी. शेवटी १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली.

याच दशकात पुणे केंद्राने (२ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालेलं) गीतरामायण दिलं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, एकूण ५६ गीतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे गात होते, बाबूजींचं संगीत. पण ते पुण्याच्या मीडियमवेव्हच्या टप्प्यात असणाऱ्यांनाच मिळालं. हुफूफ ते मुंबई सरळ रेषेत साधारण अडीच हजार किलोमीटर. मीडियमवेव्ह दिवसा जमिनीला धरून चालते आणि काहीशे किलोमीटरात दमते. रात्री आयनोस्फिअरवर आपटून दूर जाते खरी, पण तोवर शेजारच्या देशांची दणदणीत केंद्रं तिच्यावर बसलेली असतात. आकाशवाणीची परदेश सेवा आखातासाठी मल्याळमही पाठवत असे. मराठीला त्यात जागा नव्हती. त्यामुळे अल-अहसाच्या खजूरबागांत आलेल्या पहिल्या मराठी माणसांचा आधार कॅसेट आणि पत्र एवढाच. (आमच्या इथल्या एका ज्येष्ठ काकांनी अजून त्या कॅसेटी टाकलेल्या नाहीत. वाजवायला यंत्र नाही, तरीही.)

मग इंटरनेट. ७ नोव्हेंबर १९९४ला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्राने आपलं प्रक्षेपण इंटरनेटवर सोडलं. एप्रिल १९९५मध्ये रिअलऑडिओ आलं. १९९७मध्ये विनअॅम्प, १९९८च्या अखेरीला शाउटकास्ट. शाउटकास्टने केलेली गोष्ट मोठी होती. आता ऐकणाराच केंद्र काढू शकत होता, ना परवाना, ना टॉवर. सौदीत सामान्य माणसाला इंटरनेट १९९९मध्ये मिळालं, तेही सगळं रियाधमधल्या एकाच फाटकातून.

इथे माझ्यातला इंजिनिअर जरा जागा होतो, थोडं सहन करा. ट्रान्समीटरला एक श्रोता असो की दहा लाख, वीजबिल तेच. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्याला वेगळी धार लागते. ३२ केबीपीएसची धार हजार जणांना द्यायची तर सर्व्हरच्या दाराशी ३२ एमबीपीएस पाहिजेत. १९९९मध्ये हा आकडा ऐकून घरगुती केंद्रवाल्याने विनअॅम्प बंद करून झोपून जावं. त्यात अमेरिकेत २००२मध्ये स्वामित्वधनाचा दर ठरला, दर गाणं दर श्रोता ०.०७ सेंट. तासाला १५ गाणी, १०० श्रोते, तर तासाला साधारण एक डॉलर, महिन्याला साडेसातशे! म्हणजे जितके जास्त लोक प्रेमाने ऐकतील तितका मालक कंगाल. लहान केंद्रवाल्यांनी आरडाओरडा केला आणि त्याच वर्षी त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला, पण हिशेबाची रीत तीच राहिली.

मधली एक वाट उपग्रहाची होती. वर्ल्डस्पेसने भारतात 'सुरभी' नावाची अख्खी मराठी वाहिनी चालवली. पैसे भरा, खास संच घ्या, जाहिरात नाही. कंपनी २००८मध्ये दिवाळखोरीत गेली, २००९ संपताना भारतातली सेवा बंद झाली आणि ते देखणे संच मुके झाले. आजोबांचा मर्फी रेडिओ बंद करायला निदान त्याचा व्हॉल्व्ह उडावा लागायचा.

आता आकाशवाणीची केंद्रं प्रसार भारतीच्या अॅपवर आहेत. पुण्याच्या सकाळी ७.१०च्या प्रादेशिक बातम्या इथे ४.४०ला लागतात. उन्हाळ्यात फज्रची अजान तोवर होऊन गेलेली असते, हिवाळ्यात व्हायची असते. बफरमुळे सगळं अर्धा मिनिट उशिरा येतं, त्यामुळे आकाशवाणीच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका. धरणातला साठा, एसटीचा संप, पालखीचा मुक्काम... हे दुसरीकडे वाचायला मिळतंच, पण त्या सुरात नाही.

जून २०२३मध्ये पुण्याचा हाच वृत्तविभाग बंद करून बातमीपत्र छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला होता. पुण्यात ओरड झाली, प्रकाश जावडेकरांनी लक्ष घातलं आणि आदेश थांबला. मला त्यात एक वेगळंच वाटतं. पूर्वी श्रोता मोजायचा तर 'आपली आवड'कडे आलेल्या पोस्टकार्डांवरून. मीडियमवेव्हवर कोण ऐकतं हे ट्रान्समीटरला कधीच कळत नाही. सर्व्हरला मात्र कळतं. कुठल्या देशातून, किती वाजता, किती मिनिटं, सगळं नोंदीत असतं. म्हणजे हुफूफमधून पहाटे ४.४०ला लावलेला एक फोन ही त्या बातमीपत्राच्या बाजूने पडलेली नोंद आहे, कुणी ती उघडून बघितली तर. माझी रोज पडते, शुक्रवार सोडून. त्या दिवशी मी झोपतो.