दाताळे ते शववाहिका

शववाहिकेला इंग्रजीत ‘हर्स’ म्हणतात. या शब्दाचा माग काढत गेलो, तर त्याच्या मुळाशी मला ना शव सापडले, ना वाहन. सापडले ते शेतातले दाताळे.

ढेकळे फोडायच्या दातेरी अवजाराला लॅटिनमध्ये ‘हिर्पेक्स’ म्हणत. ऑस्कन या इटलीतल्या जुन्या भाषेत ‘हिर्पुस’ म्हणजे लांडगा. त्यावरूनच अवजाराचे नाव पडले असावे, असे अभ्यासक मानतात. साम्य अर्थात दातांचे. फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘एर्स’ झाले. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात चर्चमध्ये एक त्रिकोणी दीपाधार ठेवत आणि प्रार्थना सरत जाई तसतशी त्यावरची एकेक मेणबत्ती विझवत. दाताळ्यासारखा दिसतो म्हणून दीपाधारालाही तेच नाव मिळाले. पुढे शवपेटीवर मेणबत्त्या आणि निशाणे लावण्यासाठी जो मांडव उभारीत, तोही ‘हर्स’ झाला. इंग्लंडमध्ये वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये, १४३९ साली वारलेल्या रिचर्ड बीचम या उमरावाच्या समाधीवर धातूच्या कमानींचा असा सांगाडा आजही आहे. सतराव्या शतकात हे नाव मांडवावरून गाडीवर आले. मेणबत्त्या गेल्या, नाव राहिले.

याच कुळातला दुसरा शब्द आपल्या नाटकमंडळींच्या रोजच्या बोलण्यात आहे: ‘रिहर्सल’. मूळ अर्थ, त्याच जमिनीवर पुन्हा दाताळे फिरवणे.

मराठीत नावाला इतका लांबचा प्रवास घडला नाही. तिरडी खांद्यावरून जात असे. गाडी आली तेव्हा तिच्यासाठी शब्द घडवावा लागला. तो दोन तऱ्हांनी घडला. ‘वैकुंठरथ’, ‘स्वर्गरथ’ ही नावे मुक्काम सांगतात आणि मृत्यूचे नाव टाळतात. ‘शववाहिका’ काही टाळत नाही. ‘रुग्णवाहिके’च्या शेजारी ती सरळ उभी राहते.

वैकुंठ हे विष्णूचे धाम. आयुष्यभर पायी चाललेल्या माणसाला शेवटी रथ मिळावा, यातली माया मला कळते. पण सार्वजनिक गाडी कोणाही धर्माच्या, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्या माणसाला नेते. त्या सर्वांना वैकुंठाला पाठवण्याचा अधिकार गाडीवर अक्षरे रंगवणाऱ्याला नाही. म्हणून अशा गाडीवर मला ‘शववाहिका’च योग्य वाटते.

दुःखाच्या घरी मात्र यातला एकही शब्द सहसा तोंडावर येत नाही. दारातून कोणीतरी हलकेच एवढेच सांगते, “गाडी आली.”